ओल्या पायऱ्यांवरची पावलं

२ एप्रिल

बापू, वहिनी, आणि त्या जिन्यावरून अनवाणी ये-जा करणाऱ्या घरातल्या समस्तांनो,

आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे आणि ती तोंडाने बोलायला कोणी तयार नाही, म्हणून मी बोलते. आपला जिना माणसांना चावतो. परवा तुमच्याकडून निघाले ती टाचेत लाकडाचं कुसळ घेऊन. गाडीत बसून सुईने काढत होते, शेजारचे गृहस्थ खिडकीकडे तोंड करून बसले. वहिनीचे लोकरीचे मोजे त्याच जिन्याने फाडले. बापू, तू तर लंगडत शाळेत गेला होतास आणि मुलांना सांगितलंस की फुटबॉल लागला.

यावर आपण आजवर काय केलं? रंगाचा आणखी एक हात मारला. आधी तपकिरी, त्यावर राखाडी, त्यावर तो औषधाच्या बाटलीसारखा हिरवा. दुखणं झाकलं की बरं होतं, ही समजूत मी भाडेकरू संघाच्या सभांमधून आयुष्यभर झोडपत आले, आणि ती माझ्याच माहेरच्या जिन्यावर थरांनी बसलेली आहे.

आईचा विचार करा. आजारपणानंतर तिचा उजवा हात साथ देत नाही. पाय मात्र ठणठणीत, म्हणून तर ती रोज दुपारी वरच्या खोलीतून उतरून एकटी कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानात जाते आणि मुलींना कापड बेतायला शिकवते. उद्या तिच्या तळव्यात कुसळ गेलं तर डाव्या हाताने ती कसं काढणार?

बापू, तुझी सुट्टी लागते आहे. नकाशे वर्षभर शिकवलेस, आता हातात पटाशी घे. सगळा रंग खरवडून काढ, लाकूड उघडं कर, घास, आणि वॉर्निश असं लाव की पायरीत तोंड दिसलं पाहिजे.

तुमची,
ताई

१६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र रात्री जेवताना मोठ्याने वाचलं. टाळ्या कुठे वाजवायच्या ते कळेना, म्हणून शेवटी एकदम वाजवल्या. आईला टाळी जमत नाही, तिने ताटलीवर चमचा आपटला. ठराव एकमताने मंजूर.

सुट्टी लागल्या दिवशीच सुरुवात केली. तुझे तीन रंग मोजून निघाले, आणि खाली आणखी एक पिवळा होता, त्याचा गुन्हेगार कोण ते कोणालाच आठवत नाही. त्याखाली लाकूड आहे, ताई. मधासारखं. इतकी वर्षं आपण त्याच्यावर पाय देत होतो आणि त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. वर आलेले खिळे आत ठोकले, चिरांमध्ये पुट्टी भरली, मग जाड पॉलिशपेपर, मग मध्यम, मग बारीक. बायको म्हणते, लग्नात माझ्या चेहऱ्याकडेही इतकं निरखून पाहिलं नव्हतंत. जिन्यालगतची भिंतसुद्धा नव्याने रंगवून घेतली. नव्या लाकडाशेजारी ती कळकट दिसायला लागली होती.

वॉर्निश एक पायरी सोडून एक लावतो, म्हणजे आम्हा दोघांना कोरड्या पायऱ्यांवरून ढांगा टाकत वर-खाली करता येतं. आईला ढांगा जमणार नाहीत, तेव्हा तिला म्हटलं, सगळं वाळेपर्यंत तू वरच राहा, जेवण-चहा वर आणून देतो. बरं म्हणाली.

मंगळवारी शिवणाच्या दुकानातून एक मुलगी आली. कसल्याशा कोटाचा खांदा ओढतोय, आजींना जरा विचारायचं आहे म्हणाली. मी दारातूनच परत पाठवली. पायऱ्या ओल्या होत्या, ती तशीच वर धावली असती. मग अंघोळीला गेलो. बाहेर येऊन पाहतो, तर वॉर्निशवर पावलं. वरच्या भागातल्या ज्या पायऱ्या ओल्या होत्या, त्यांवर लहानशी पावलं, बोटं वरच्या दिशेला. खालच्या ओल्या पायऱ्यांवर एकही नाही. ओल्या कठड्यालाही हात लागलेला. म्हणजे खालून नीट ढांगा टाकत आली आणि वर पोचता पोचता घाई केली. बायकोला विचारलं तर म्हणते, मी आज वर गेलेच नाही. मी म्हटलं, मग काय मांजर बूट काढून गेली? त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. दोन दिवस घरात फक्त जिना माझ्याशी बोलतोय.

त्या पायऱ्या पुन्हा घासून नवा हात मारलाय. आता कोणी शोधून दाखवावं.

बापू

२१ एप्रिल

बापू,

चार रंगांखालचं लाकूड तुला दिसलं आणि समोरची बायको खरं बोलते आहे हे दिसलं नाही. पावलांवर तिचं नाव लिहिलेलं होतं? ती ‘नाही’ म्हणाली, विषय संपला. मी अर्धं आयुष्य अशा मालकांशी भांडले आहे जे नळ गळला की आधी भाडेकरूकडे बोट दाखवतात. माझा भाऊ त्यांच्या रांगेत उभा राहिलेला मला चालणार नाही. आजच्या आज तिची माफी माग, आणि स्वयंपाकघरात पुटपुटून नाही, आईच्या कानावर पडेल अशी माग.

आता आईबद्दल. जिना वाळला असेल आणि ती अजून खाली आली नसेल, तर माझं निदान ऐकून ठेव. ती रुसली आहे. दुकानातली मुलगी तिला भेटायला आली होती, तुला नाही. तू तिला न विचारता परत पाठवलीस. आपली आई भांडत नाही, बसून राहते. तिला चार दिवस मान दे, मुलीला निरोप पाठवून बोलावून घे, गाडी रुळावर येईल. मी तिला वेगळं लिहिते आहे.

ताई

२७ एप्रिल

कन्ये,

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षरं मुंग्यांसारखी यायची ती डोंगळ्यांसारखी येतील, वाचून घे.

मी रुसलेली नाही. रुसायचं तर समोरच्याचं लक्ष लागतं, आणि तुझ्या भावाचं सगळं लक्ष जिन्यात आहे. सकाळी चहा घेऊन जिन्यावर बसतो, संध्याकाळी चहा घेऊन जिन्यावर बसतो. शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवतो. जिना झालाही आहे देखणा. वरच्या पायरीत छताचा दिवा दिसतो. तुझ्या आज्ञेप्रमाणे तोंडही दिसतं, पण या वयात ते किती बघायचं?

मी वर मजेत आहे. ऊन चांगलं येतं. खाली माझं काही अडलेलं नाही.

त्या कोटाचं काय झालं कळलं तर कळव. खांदा ओढत असेल तर बाही उसवून पुन्हा बसवावी लागेल, नुसती इस्त्री दाबून भागायचं नाही. हे त्या पोरीला कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

आणि त्या पावलांचा तपास बंद करायला सांग. सुनेला उगाच बोल लागला. मी तिला आंब्याची फोड नाही तरी साखरेची चिमूट देऊन गोड केलं आहे, पण माफी ज्याची त्यानेच मागावी.

आई

५ मे

ताई,

माफी मागितली. जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून, वरपर्यंत ऐकू जाईल अशी. वरून आईचा आवाज आला, “ऐकलं, आता पुढे चला.” तेव्हा ते प्रकरण मिटलं.

पण आई खाली येत नाही. मुलीला निरोप पाठवला, ती येऊन वर तासभर बसून गेली, कोट मार्गी लागला, आई खूष झाली. तरी खाली येत नाही. विचारलं की म्हणते, तू हो पुढे, मी येते. आणि येत नाही. काल मी हात धरून उतरवतो म्हटलं, तर म्हणाली, मी काय पाहुणी आहे?

मला वाटतं आपण डोळ्यांवर कातडं ओढून बसलो आहोत. वय झालं, ताई. त्या आजाराने हात गेला, आता जिना गेला. स्वयंपाकघरामागची छोटी खोली रिकामी करतो आहे. तिथे पलंग टाकला की जिन्याचा प्रश्नच उरत नाही. खिडकी लहान आहे, पण जागा पुरेल. दुकानाच्या बाईंनी विचारलं, त्या येणार आहेत की महिनाअखेरीपासून दुसरी कोणी बघू? मी म्हटलं, बघा. ज्या बाईला घरातला जिना उतरवत नाही तिला एकटीला रस्त्यावर कसं सोडायचं?

अजून आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ते काम तुझं. हजार माणसांची मनं तू अर्ध्या तासात वळवतेस, ही तर आपलीच आई आहे. तिला असं पत्र लिही की तिने आपणहून म्हणावं, मला खाली हलवा.

बापू

७ मे

ताई, नमस्कार.

ह्यांचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. त्यावर उत्तर लिहायच्या आधी माझं वाचा. आईंनी मला हे कोणाला सांगू नकोस म्हटलं होतं. मी ऐकलं नाही, त्याचं मी त्यांच्याशी बघून घेईन.

काल औषधांच्या दुकानात कामावर असताना डोकं दुखायला लागलं म्हणून दुपारी लवकर घरी आले. हे शाळेत पेपर आणायला गेले होते. दार उघडलं आणि मला जिन्यावर आईंची पाठ दिसली. त्या वर चालल्या आहेत असंच वाटलं. मग पाऊल उचललं आणि ते खाली आलं. त्या उलट्या उतरत होत्या, ताई. तोंड जिन्याकडे, डावा हात कठड्यावर, मागे पाय सोडून बोटांनी पायरी चाचपायची आणि मग भार टाकायचा, शिडीवरून उतरतात तसं. तिसऱ्याच पायरीला बोटं वॉर्निशवरून सटकली. त्या कठड्याला लटकल्यासारख्या झाल्या. मी हाक मारली नाही. दचकून हात सुटला असता. त्या थोडा वेळ तशाच थांबल्या आणि हळूहळू वर निघून गेल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात त्या पावलांचा उजेड पडला. बोटं वरच्या दिशेला, पण वरच्याच पायऱ्यांवर. खालून कोणी आलंच नव्हतं. आई वरून आल्या होत्या आणि पाय चिकटायला लागल्यावर परत फिरल्या. त्या मुलीला गाठायला निघाल्या होत्या.

मी चहा घेऊन वर गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “पाहिलंस?”

“पाहिलं.”

“मग आता विसर.”

“कधीपासून असं उतरता?”

“दवाखान्यातून घरी आणलंत तेव्हापासून. चढताना कठडा डावीकडे असतो, हा हात धरतो. उतरताना तो जातो उजवीकडे, आणि उजवा हात नुसता शोभेचा. म्हणून जिन्याला सांगते, मी चढतेच आहे, आणि उतरते. जुन्या रंगावर पाय छान बसायचा. आता जिना नवरदेवासारखा झालाय, आपल्याला जवळ करत नाही.”

“आम्हाला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मला उचललं असतं.”

ताई, मी रात्रभर आठवत बसले. रविवारी, सुट्टीला, घरात माणसं असताना त्या कधी खाली उतरलेल्या मला आठवत नाहीत. रविवारचं जेवण आपण वर नेतो, त्यांना वरचं ऊन आवडतं म्हणून. तुम्ही आलात तेव्हासुद्धा ‘तुम्ही व्हा पुढे’ आणि आपण झालो पुढे. रोज दुपारी घर रिकामं झालं की त्या उतरायच्या. ह्यांना सुट्टी लागली आणि घर रिकामं व्हायचं थांबलं.

मी दोन गोष्टी केल्या. पहिली, पॉलिशपेपर घेऊन सगळ्या पायऱ्यांच्या पुढच्या कडांची चकाकी उतरवली. हे घरी आले आणि मी त्यांच्या अपत्याला ओरबाडलं असावं तसे माझ्याकडे बघत राहिले. दुसरी, ह्यांना सगळं सांगितलं. भिंतीच्या बाजूने दुसरा दांडा लावा म्हटलं, म्हणजे आई सरळ उतरतील. तर म्हणाले, भिंत आत्ताच रंगवली आहे, जिना आधीच अरुंद, आणि बाई उलटी उतरते हे कळल्यावर तर तिला खाली आणलंच पाहिजे, ताई तिला समजावणार आहे.

तुम्ही समजावणार आहात का, एवढंच मला विचारायचं होतं.

वहिनी

११ मे

बापू,

नाही. आईला मी तसं पत्र लिहिणार नाही. माझ्याकडे बोलण्याची जी काही ताकद आहे ती सगळी या कागदावर आहे आणि ती तुझ्यासाठी आहे.

आधी माझा हिशेब चुकता करते. पायरीत तोंड दिसलं पाहिजे, हे मी लिहिलं. ती रुसली आहे, हेही मीच लिहिलं, तेही इतक्या ठामपणे की तू तपासलंही नाहीस. दोन्ही चुका माझ्या. वहिनीने कडांची चकाकी उतरवून पहिली दुरुस्त केली, तिचे पाय धुवायला हवेत. तुझ्या डोळ्यांना ते ओरखडे दिसतात, ते आईच्या पायांसाठी काढलेत.

आता तुझ्याबद्दल. ‘हात गेला, आता जिना गेला’ असं तू लिहिलंस. बापू, जिना गेलेला नाही. तू भूगोलाचा मास्तर आहेस, तुला दिशा समजावून सांगायची म्हणजे कमाल आहे. चढताना डावीकडे असलेला कठडा उतरताना उजवीकडे येतो. तो जिना आपल्या आईला वर जाताना हात देतो आणि खाली येताना काढून घेतो. तिच्यात काही कमी झालेलं नाही, भिंतीवर एक दांडा कमी आहे. ही साधी गोष्ट दवाखान्यातून तिला आणलं त्या दिवशी आपल्यापैकी एकाच्या तरी लक्षात यायला हवी होती. आपण तिला औषधं विचारली, झोप विचारली, भूक विचारली. तू उतरतेस कशी, हे विचारलं नाही. जिन्याच्या रंगावर घरभर ठराव झाला, आणि सगळ्यांत जास्त विचार करून जी त्या जिन्यावर पाय टाकते तिने फक्त चमचा आपटला.

मग तिने काय केलं ते बघ. रडली नाही, कोणाला हाका मारल्या नाहीत. रिकाम्या घरात एकटीने एक रीत शोधून काढली, ती पायात बसवली, आणि रोज दुपारी वेळेवर दुकानात जाऊन कात्री कुठून चालवायची ते मुलींना शिकवलं. असं डोकं असलेल्या बाईला तू स्वयंपाकघरामागे, लहान खिडकीच्या खोलीत ठेवणार आहेस. आणि वरची उन्हाची खोली? तिथे तुझे नकाशे जातील. नाही म्हणू नकोस, मी तुला तू दुपट्यात होतास तेव्हापासून ओळखते.

ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही मला उचललं असतं. बापू, वहिनीने हे वाक्य लिहिलं आणि मी पत्र खाली ठेवून उठले, घरात दोन फेऱ्या मारल्या. तुझं पत्र त्याच टेबलावर होतं. त्यात तू तिला उचलतच होतास. वाईट हेतूने नाही, तू मायेने उचलत होतास. मायेने उचललेल्या माणसाला ‘खाली ठेव’ म्हणणं फार कठीण जातं, म्हणून तर ती बोलली नाही.

तू म्हणशील, पडली तर? दांडा नसेल तर पडेल. पाय घसरेल, मागे बघता येणार नाही, आणि घरात कोणी नसेल, कारण कोणी असताना ती उतरणारच नाही. धोका तो आहे. दोन्ही बाजूंना धरायला असलं की ती सरळ, डोळ्यांसमोर पायरी बघत उतरेल. तू म्हणशील, जिना अरुंद आहे. दांडा मनगटाएवढा जाड असतो आणि भिंतीपासून मूठ जाईल एवढाच पुढे येतो. त्या जिन्यावरून आपण कपाट वर नेलं आहे. तू म्हणशील, भिंतीला भोकं पडतील. पडू देत. भिंत रंगवून तुला महिनाही झाला नाही आणि त्या भिंतीसाठी तू आईची खोली काढून घ्यायला तयार झालास, तिचं काम दुसरीला द्यायला ‘बघा’ म्हणालास.

दुकानाच्या बाईंना मी आज स्वतः फोन केला. त्यांना सांगितलं, दुसरी कोणी बघू नका, आमची आई येते आहे. तारीख त्यांनी विचारली, मी पुढचा सोमवार सांगितला. शब्द माझा गेला आहे, तो ठेवायचं काम तुझ्या हातात आहे. सोमवारी ती उतरेल तेव्हा जिन्याखाली उभा राहून बघू नकोस. टाळ्याही नकोत. पेपर तपासायचे असतील, ते तपास.

हा कागद वाचून संपला की पेन्सिल घे आणि वर जा. आईला सगळ्यांत वरच्या पायरीवर खाली तोंड करून उभी राहायला सांग, तिला विचार की डावा हात कुठे सहज टेकतो, आणि तुझ्या त्या नव्या रंगावर तिथे खूण कर. मग त्या खुणेच्या उंचीने, वरपासून खालपर्यंत, रविवारच्या आत भिंतीला दांडा लाव.

ताई